सोडण्याचे कारण : विवाह

साहेब, तुम्ही एका पोरीला तोंडावर खोटारडी म्हणालात. पंख्याखाली बसून म्हणालात, दोन कारकून आणि एक शिपाई ऐकत असताना म्हणालात. तिनं ते ऐकून घेतलं. आता तुम्ही ऐका. ते खोटं तिनं लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं तुमच्यासारख्याच एका शिकलेल्या माणसानं, वळणदार अक्षरात, सरकारी रजिस्टरात. आणि त्याच्यावर शिक्का होता म्हणून ते तुम्हाला गोड लागलं. तुमचं नाव इथं घेतलेलं नाही, तुमच्या कॉलेजच्या गावाचंही नाही. घेतलं असतं तर बाकीच्या साहेबांना हात झटकून मोकळं व्हायला बरं झालं असतं.

पोरीचं नाव मनकर्णा. उकंडराव माळ्याची थोरली. अमडापूरपासून दीड कोसावर खैरवाडी म्हणून गाव आहे, तिथली. बाप विहिरीच्या पाण्यावर वांगी-मिरच्या काढायचा आणि बाजाराच्या दिवशी अमडापुरात पाल टाकून विकायचा. एकोणीसशे पासष्टच्या जूनमध्ये मनकर्णा मॅट्रिक पास झाली. खैरवाडीतून मॅट्रिक झालेली पहिलीच पोरगी. तिनं कॉलेजचा फॉर्म भरला, फोटो डकवला, टपालात टाकला, आणि तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. निंदायला बसली की चार वाफे सोडून उठायची, रस्त्यापर्यंत जाऊन पोस्टमन दिसतो का बघायची, परत येऊन भलतंच रोपटं उपटायची.

पत्र आलं पाच जुलैला. तिनं ते शेताच्या धुऱ्यावर उभ्यानंच फोडलं. एकदा वाचलं. मग पाकिटावरचं नाव पाहिलं, की दुसऱ्या कुणाचं तर आपल्या हाती पडलं नाही? नाव तिचंच होतं.

"काय म्हन्ते वं?" मंजुळाबाईनं, तिच्या आईनं, वाफ्यातूनच विचारलं.

"पतीची लेखी संमती पाह्यजे म्हन्ते. बारा तारखेच्या आत."

"कोनाचा पती?"

"माहा."

मंजुळाबाईनं हातातला विळा खाली ठेवला. "तुहा कोनता वं पती?"

"मले काय मालूम? त्यायले मालूम असंन."

हसावं की रडावं असा प्रकार होता. पत्रात लिहिलं होतं: अर्जातील खंडाचे कारण आपण 'आजारपण' असे दिले आहे, तथापि शाळेच्या दाखल्यावरून आपला विवाह झाला असल्याचे दिसते. सबब पतीची लेखी संमती, अथवा खंडाच्या खऱ्या कारणाचा सबळ पुरावा, दिनांक बारापर्यंत सादर करावा. अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल.

खंड म्हणजे दीड वर्ष. नवव्या वर्गातून ती दीड वर्ष घरी होती, हे खरं. फॉर्ममध्ये खंडाचं कारण लिहायला बोटभर जागा होती. त्या बोटभर जागेत तिनं 'आजारपण' एवढंच बसवलं. कोणतं आजारपण, ते बसलं नाही. बसवायचं धाडसही तेव्हा तिला झालं नाही, हेही सांगून टाकतो. उगाच तिला देवी करायची नाही.

ती तशीच, हातापायाला माती घेऊन, शाळेच्या रस्त्याला लागली. शाळा दोन कोस. मागून मंजुळाबाई ओरडत होती, "अवं पाय तरी धू!" पण हिचं लक्षच नव्हतं.

हेडमास्तर वामनराव भला माणूस. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला गेलात तर तो शाळेत सापडणार नाही. त्यांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. या रजिस्टरात पोरगं शाळेत कधी आलं, कधी गेलं, कशानं गेलं, सगळं लिहिलेलं असतं. मनकर्णाच्या नावापुढं लिहिलं होतं: सोडण्याचे कारण, विवाह. मॅट्रिकनंतर दाखला लिहिताना कारकुनानं तेच जसंच्या तसं उतरवून दिलं होतं आणि तिनं न वाचता फॉर्मला टाचलं होतं.

"गुरुजी, हे कोनं लिहिलं?"

"मी लिहिलं." वामनरावांनी चष्मा काढून पुसला. "तू हे अख्खं पानच पाह्य ना. शेवंता, विवाह. गोकर्णा, विवाह. ठकू, विवाह. पोरीची जात शाळेतून गेली की आपण काय लिहितो? तेच लिहितो. कोणी विचारत नाही. तुझ्या नावापुढं मी काय मिरगी लिहायला पाह्यजे होती? उद्या तुला मागणं आलं, त्यांनी रजिस्टर पाह्यलं, तर? तुझ्या भल्यासाठी केलं पोरी."

"मंग मी दीड वर्सानं वापस आली, तवा तुमाले नाई वाटलं का हिचा नवरा कुठं गेला?"

वामनरावांनी चष्मा पुन्हा चढवून ते पान पाहिलं. खरं तर त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. त्या पानावर इतके विवाह होते की त्यातला एक खोटा आहे हे लिहिणाराच विसरून गेला.

"आता खोडा ते."

"खोडता नाही येत. खाडाखोड केली तर माझ्यावर येईल. तपासनीस साहेबांची मंजुरी आणावी लागते, ती दिवाळीपर्यंत काही येत नाही."

"तारीख बारा हाय गुरुजी."

"मग पंचायतीचा दाखला घे. तू अविवाहित आहेस आणि दीड वर्ष आजारी होतीस, असा. अन कोणत्या आजारानं ते साफ लिहून घे. मोघम लिहिलं तर ते कॉलेजवाले आणखीच वंगाळ काही समजतील."

वंगाळ म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. अठरा महिने घरात राहिलेली पोरगी, कारण लपवलेलं. माणसं काय समजतात ते तिला ठाऊक होतं.

मिरगीचा, म्हणजे फेफऱ्याचा, पहिला झटका आला तो नवव्या वर्गात, प्रार्थनेच्या रांगेत. शुद्धीवर आली तर नाकाला चप्पल, डोळ्यांत कांदा, आणि दातांत चमचा घातल्यानं पुढचा दात अर्धा तुटलेला. तो तुटका दात आजही आहे. मग दंडात ताईत, गळ्यात दोरा, उंबऱ्यावर लिंबू. झटके काही थांबले नाहीत. आठवड्यात दोन, कधी तीन. बापानं विहिरीवर जायला बंदी केली, आईनं चुलीजवळ बसायला. अशी ती अठरा महिने माजघरात खांबाला टेकून होती. शेवटी बांगड्या भरायला येणारी नूरबी एक दिवस मंजुळाबाईला म्हणाली, "अवं बाई, माह्या बहिनीच्या पोराले हेच होतं. चिखलीले डागदर हाय, गोळी देते. रोज एक. आता तो टांगा हाकलून राह्यला. पोरीले घेऊन जा, अन हे लिंबं लोनच्यात घाल." मंजुळाबाईनं ऐकलं. गोळी सुरू झाली. झटके महिन्यावर गेले, मग तीन महिन्यांवर, आणि आता सव्वा वर्ष झालं, एकही नाही. त्या गोळीवर ती दहावा वर्ग शिकली, मॅट्रिक झाली. हे एवढं आणि असं ते आजारपण.

दुसऱ्या दिवशी ती बापाबरोबर अमडापूरला गेली, त्या दाखल्याचा कागद नीट लिहून घ्यायला. मोटार-स्टँडच्या कडुनिंबाखाली शकील अर्जनवीस बसायचा. पेटीवर कागद, कानावर लेखणी. त्यानं पत्र वाचलं आणि पोट धरून हसला.

"यात काय कठीन हाय उकंडभाऊ? आत्ता देतो संमती लिहून. नवऱ्याचं नाव सांगा. नसंन त मी ठेवतो एखादं भारदस्त. सही बी मीच ठोकतो. कागदावरचा नवरा लई चांगला असते पोरी. भाकर मागत नाई, मारत नाई, पिऊन येत नाई."

उकंडरावाचा चेहरा उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "हाव बाप्पा. हे बरं हाय. मनके, हेच करून टाकू. कोनाले काई सांगाची गरज नाई."

"अन मी वर्गात पडली त?" मनकर्णा म्हणाली.

"काऊन पडशीन? सव्वा वरीस झालं न?"

"गोळी एक दिवस राह्यली त पडतो मी बाबा. डागदरानं सांगतलं नाई का? तिथं सगळे मले लगन झालेली धडधाकट बाई समजून बसतीन, अन मी पडली की कोनी चप्पल लावंन, कोनी पुन्हा चमचा घालंन. दुसरा दात बी जाईन. मंग सांगू का, हे बी खोटं अन नवरा बी खोटा?"

शकीलनं हसणं थांबवलं. त्यानं तिच्या दाताकडे पाहिलं. मग त्यानं लेखणी कानावरून काढली. "बोल बाई. खरं खरं सांग. मी लिहितो. पन खैरवाडीचा सरपंच अंगठा कसा देते ते ठाव हाय न तुले?"

ठाऊक होतं.

खैरवाडीचे सरपंच भगवंतराव. अक्षरओळख नाही. पहिल्या वर्षी एका शहाण्यानं त्यांच्यासमोर कागद धरला, विहिरीचा आहे म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या अंगठ्यानं गावच्या गायरानाचा तुकडा गेला. ते गायरान परत आणायला दोन वर्षं लागली. तेव्हापासून भगवंतरावांनी नेम केला: कोणताही कागद असो, ग्रामसेवकानं तो चावडीवर, चार माणसांत, मोठ्यानं वाचायचा. सगळ्यांनी ऐकायचा. मग अंगठा. बैलाच्या दाखल्यापासून रॉकेलच्या अर्जापर्यंत सगळे कागद असे गावाच्या कानांवरून गेलेले. गाव या नेमावर खूश होतं. आतापर्यंत.

उकंडराव आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आला. दाराबाहेर उभं राहून म्हणाला, "भगवंतराव, पोरीचा कागद हाय. तेवढा एक मुक्यानं करून द्या."

भगवंतराव म्हणाले, "उकंडा, तुही पोरगी ते माही पोरगी. पन तुहा एक मुक्यानं केला, की परवा तो गायरानवाला बी म्हनंन, माहा बी मुक्यानं करा. काय सांगू त्याले? तू सांग."

उकंडराव आल्या पावली मागं फिरला. घरी येऊन त्यानं भाकरीला हात लावला नाही. "जाऊ दे कॉलेज," एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून पडला. मनकर्णा अंगणात येरझारा घालत होती. सकाळपासून किती झाल्या कोण जाणे, मंजुळाबाई म्हणाली, "अवं, सारवन उखडलं सगळं. बस ना एका जागी." ती बसली, आणि लगेच उठली.

दहा तारखेला, सकाळी, चावडीवर वीस-पंचवीस माणसं. बायका लिंबाच्या पाराआड. ग्रामसेवकानं कागद उचलला, पहिली ओळ डोळ्यांनी वाचली, आणि खाकरत खाकरत भगवंतरावांकडे पाहिलं. त्यालाही जड जात होतं.

"द्या इकडे," मनकर्णा म्हणाली. "माहा कागद हाय. मीच वाचून दाखवतो."

भगवंतरावांनी मान हलवली. नेम वाचण्याचा होता, कुणी वाचावं याचा नव्हता.

तिनं वाचलं. आवाज सुरुवातीला इतका बारीक की मागचे म्हणाले, "जोरानं वाच वं." तिनं जोरानं वाचलं. दाखला देण्यात येतो की, कुमारी मनकर्णा उकंडराव, राहणार खैरवाडी, हिला मिरगीचा आजार असून त्या आजारामुळे ती अठरा महिने शाळेत जाऊ शकली नाही. चिखली येथील डॉक्टरांचे औषध रोज चालू असून सव्वा वर्षात झटका आलेला नाही. तिने शाळा विवाहामुळे सोडली अशी जी नोंद आहे ती चुकीची असून सदर मुलगी अविवाहित आहे.

ती थांबली. आता कुणीतरी थुंकेल, कुणीतरी उठून जाईल, असं धरून ती उभी होती.

पाराआडून वच्छलाबाई बोलली. शेजारीण. जिभेला हाड नसलेली म्हणून गावभर नाव. "यात नवीन काय वाचलं वं? तुहा मिरगीचा कांदा आमच्याच घरून जाये. पन हे लगनाचं काय हाय? उकंडराव! पोरीचं लगन लावलं अन शेजाऱ्याले जेवाले बी नाई बलावलं?"

चावडी फुटली हसून. कुणी म्हणालं, "वरात कोन्या रस्त्यानं गेली बे, रजिस्टराच्या?" कुणी म्हणालं, "नवरा शाळेतच ठेवून आली असंन, कपाटात." उकंडरावानं दोन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. भगवंतरावही हसले, पण अंगठा शाईत बुडवताना गंभीर झाले. "सारं गाव जानते त कागदावरच काऊन लपवून ठेवलं होतं?" एवढंच म्हणाले, आणि अंगठा दिला.

गावाला उगाच डोक्यावर घ्यायचं नाही. त्याच चावडीवर एक म्हातारा उठून गेला होता, आणि त्याच्या पुतण्याचं मागणं मनकर्णाला येणार अशी कुजबुज होती ती त्या दिवसापासून बंद झाली. तिनं ते पाहिलं. तिनं कागदाची घडी केली, चिखलीहून आणलेल्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीबरोबर पिशवीत ठेवली. एवढं मोजून ती कॉलेजात निघाली होती, साहेब. कागद फुकट मिळाला नव्हता.

बारा तारखेला पहिल्या मोटारीनं बापलेक तुमच्या कॉलेजात आले. कारकुनानं कागद घेतला, अंगठा पाहून नाक मुरडलं, आणि तुमच्या खोलीत पाठवलं. उकंडराव व्हरांड्यात, भिंतीला टेकून, चपला काढून बसला.

तुम्ही तिन्ही कागद समोर मांडले. "अर्जात आजारपण. दाखल्यात विवाह. आता मिरगी. उद्या चौथं काय आणशील? खोटारडी आहेस तू."

तिनं डॉक्टरांची चिठ्ठी बोटानं पुढं सरकवली. तुम्ही ती वाचली. तिच्यात लिहिलं होतं की रोगी औषधावर ठीक आहे, शिक्षणास हरकत नाही. इंग्रजीत होतं म्हणून तुम्हाला खरं वाटलं. आणि खरं वाटल्याबरोबर तुम्ही खुर्ची हातभर मागं घेतली. तिनं ते पाहिलं. खुर्चीचे पाय फरशीवर वाजले, तेही ऐकलं.

"हे बघ मुली," आता तुमचा आवाज मऊ. "आमच्याकडे वर्गात साठ मुलं बसतात. तुला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी पडली त बाक सरकवाचा, मले कुशीवर करायचं, अन तोंडात काई घालायचं नाई. दोन मिनटं. मंग मी आपली उठून बसतो. कोनालेही जमते ते."

"जमते साहेब," दारातला शिपाई बोलून गेला. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलं की तो पडद्याआड झाला.

"तसं नसतं ते. संस्थेला विचार करावा लागतो. तू सरळ संमतीपत्र आणलं असतंस तर हा प्रश्नच आला नसता."

"कोनाचं?"

"नवऱ्याचं. पत्रात लिहिलं होतं ना."

मनकर्णाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मले नवरा असता, अन मिरगी बी असती. त घेतलं असतं मले?"

"मग जबाबदारी त्यांची असती."

"तो त घरी असता साहेब. नाई त वावरात. मी इथं पडली असती त त्यानं तिथून कसं कुशीवर केलं असतं मले?"

एक कारकून हसू दाबायला खिडकीकडे वळला. तुम्ही पेपरवेट इकडचा तिकडे केला. मग घंटी वाजवली, आणि पोरीकडे न बघता म्हणालात, "अर्ज विचाराधीन ठेवतो. कळवू. जा तू आता."

ती गेली नाही. उठलीसुद्धा नाही. पंधरा दिवस एका जागी न बसलेली पोरगी त्या खुर्चीत अशी बसली की शिपायाला तिला उठ म्हणायचा धीर झाला नाही.

"आज बारा तारीख हाय साहेब. आज रातीले माहा अर्ज आपोआप रद्द होते. तुमीच लिहिलं. कळवसान कधी, मेल्यावर? मले काई कळवू नका. माह्या गावात अंगठेबहाद्दर सरपंच हाय, तो बी चार मानसांत वाचून, मंग अंगठा देते. तुमाले त सही येते. मिरगीवाल्या पोरीले आमी शिकवत नाई, असं ह्या अर्जावर लिहा, खाली सही करा, मी चावडीवर नेऊन वाचून दाखवतो. नाई त नाव दाखल करा. बाप बाहेर बसला हाय. मोटार पाच वाजता सुटते. दोन्हीतलं काय करता ते आत्ता सांगा. घेता का नाई घेत?"